पुढच्या रांगेतला बोकड

“माझ्यासमोर माइक होता का नव्हता, एवढंच सांगा.”

“होता.”

“नववीच्या संमेलनात? पहिल्या रांगेत, पार टोकाला मी, आणि छातीशी माइक?”

“होता म्हटलं ना.”

“मग हा बोकड कोण ओरडतोय?”

बर्नबा मास्तरांनी बटर चहात बुडवलं. ते मऊ होईपर्यंत थांबले. बाहेर काढताना अर्धं तुटून कपात पडलं, तर तेही बघत बसले.



आमोसचा लॅपटॉप बिग ड्रमवर होता. मास्तरांच्या खोलीत टेबल नव्हतं. मिशनच्या शाळेचा बँड मोडला तेव्हा पितळेची वाद्यं ज्याला जशी जमली तशी त्यानं लांबवली. ड्रम काखेत मारून नेण्यासारखा नव्हता, म्हणून तो मास्तरांना निरोपाच्या सत्कारात मिळाला. एक शाल आणि एक ड्रम. शाल विरली. ड्रम आडवा टाकला की त्याच्यावर चहा होतो, औषधाच्या बाटल्या राहतात.

मास्तरांनी हयातभर त्या शाळेत पोरांना गायला आणि वाजवायला शिकवलं. दर नाताळाच्या आधी संमेलन व्हायचं. पुढं गाणारी पोरं, मागं बँडची पोरं, आणि मास्तर ते सगळं टेपवर घ्यायचे. जगात सीडी येऊन गेली तरी मास्तरांची कॅसेट सुटली नाही. त्या सगळ्या कॅसेटी माळ्यावर एका पोत्यात पडून होत्या. उंदरांनी त्यांत संसार थाटले. शाळेला कधी आठवण आली नाही.

आता शाळेची शंभरी आली आणि माजी विद्यार्थ्यांना एकदम गहिवर फुटला. जुनी गाणी वाजवू, पडद्यावर फोटो दाखवू, डोळे पुसू, आणि मग जेवायला बसू. कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम आमोसकडं आलं. एक तर नगरात त्याचा साउंडचा धंदा होता. दुसरं म्हणजे दहावीतून शाळा सोडलेल्या पोराला कुणीही काहीही काम सांगू शकतं.

आमोसनं ते घेतलं एका कॅसेटसाठी. फक्त एका.

नववीच्या वर्षी, गाण्याच्या रांगेत, तालमीपासून संमेलनापर्यंत माइक त्याच्याच समोर असायचा. एवढ्या पोरांत त्याच्याच. याचा अर्थ काय, हे पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दहावीच्या मध्यावर त्यानं दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि गायक व्हायला पुणं गाठलं. तिथं प्रत्येकानं त्याला दारातूनच परत लावलं. एका परीक्षकानं तर दुसऱ्या ओळीलाच हात वर केला. “तोंड सरळ उघड, बेटा,” एवढं बोलून पुढच्याला बोलावलं. आमोसच्या हिशेबी ते सगळे वशिल्याचे गाढव होते. पण गाढवांनी का होईना, दार लावलं ते लावलं. आता तो लग्नांत स्पीकर लावायचा.

“दुसऱ्यांचा आवाज मोठा करतो,” त्याचा बाप चारचौघांत सांगायचा. “स्वतःचा पण होता म्हणे एकेकाळी.”

बाप एसटीत कंडक्टर. बोलणं म्हणजे तिकीट फाडल्यासारखं.

त्या बापाला आमोसनं सांगून ठेवलं होतं, रविवारी घरी थांबा, माझा शाळेतला आवाज ऐकवतो. बाप म्हणाला, ऐकव. शाळा कशापायी सोडलीस ते तरी कळू दे एकदाचं.

आणि आज सकाळी ती कॅसेट सापडली. फीत कुजत आलेली. एकदाच वाजली, कॉम्प्युटरवर उतरली, आणि पुन्हा लावली तर मशीनमध्ये गुंडाळून तिचे तुकडे झाले. आता त्या वर्षाचं जे काही होतं ते लॅपटॉपमध्ये होतं, दुसरीकडं कुठंच नाही.

गाणं होतं. बँड होता. आणि सगळ्यांच्या उरावर बसून एक पोरगा बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

“तुमच्या सगळ्याच कॅसेटींना हा रोग आहे,” आमोस म्हणाला. “दर वर्षी माइकपुढं एक बेसुरा. साल बदलतं, बोकड बदलतो, ओरडणं तेच. मास्तर, माइक कुठं ठेवावा एवढं तरी कळायला पाहिजे होतं तुम्हाला. मी लग्नात असा ठेवला असता तर नवरदेवानं मारलं असतं.”

“हल्ली नवरदेव गातो का?”

“विषय बदलू नका.”

“बरं.”

“पुढचा आवाज मागच्यांतून उपटून काढणारं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडं. मी काढला तो बोकड. तो गेला की मागची पोरं सुरेख ऐकू येतात. पण त्यांत मी नाही. सगळं पिंजून काढलं. माइक माझ्यासमोर, आणि माझाच आवाज नाही! मी कुठंय, मास्तर?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. डोळे मिटले.

“मूळचं लाव.”

“कशाला? डोकं उठतं.”

“लाव.”

आमोसनं लावलं.

*उघडा दारं, सकाळ आली…*

मागून तीसेक पोरांचा आवाज एका रेषेत येत होता, आणि पुढून हा. वर जायचं तिथं खाली, खाली यायचं तिथं कुठंतरी भलतीकडंच. ‘आली’वर सगळे पोचले. हा मागून पोचला, धापा टाकत, फाटक उघडं दिसल्यावर ढोर आत घुसतं तसा.

“‘आ’ म्हणताना तुझा जबडा डावीकडं जायचा,” मास्तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. “म्हणून तो ‘आ’ असा फाकतो. ऐक.”

…

आमोसचा हात आपोआप गालाकडं गेला. अर्ध्या वाटेत त्यानं तो मागं घेतला.

“काहीही बोलू नका.”

“बरं.”

“माझा आवाज मला कळत नाही का?”

“नववीत फुटत होता तुझा. धड पोराचा नाही, धड बाप्याचा नाही. तुला कसा कळणार?”

“हा मी नाही.”

“शेवटपर्यंत लाव.”

शेवटपर्यंत कुणी लावत नाही. टाळ्या सुरू झाल्या की आमोस प्रत्येक गाणं तिथंच तोडायचा. या वेळी तोडलं नाही. टाळ्या वाजल्या, विरळ झाल्या, बाकं सरकली, लांब कुठंतरी कुणीतरी कुणालातरी चपला सापडल्या का म्हणून विचारलं. आणि मग माइकच्या अगदी जवळून, धाप लागलेला, चिरका आवाज आला.

“मास्तर, जमलं का?”

आणि जरा लांबून मास्तर.

“जमलं. पाणी पी जा.”

फीत तिथं संपत होती.

…

हे वाक्य आमोसला तोंडपाठ होतं. पुण्यातल्या प्रत्येक दारातून बाहेर पडताना त्यानं ते स्वतःला म्हणून दाखवलं होतं. जमलं. मास्तर म्हणाले होते, जमलं. बाकीच्यांना काय कळतंय.

कपात पडलेलं बटर फुगून वर आलं.

“तुम्हाला माहीत होतं,” आमोस म्हणाला.

“माहीत म्हणजे? माइक मीच ठेवायचो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“दर वर्षी, जो सगळ्यांत वाईट त्याच्यासमोर?”

“दर वर्षी.”

आमोस उठला. खोली एवढीशी, उठून जायचं कुठं? खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

“हेडमास्तरांचा हुकूम होता,” मास्तर म्हणाले. “बेसूर पोरांनी नुसते ओठ हलवायचे. पाहुणे येतात, अब्रू जायला नको. सगळ्याच शाळांत चालतं ते. पोरगं उभं राहतं, तोंड उघडतं, मिटतं. आईबापांना वाटतं, गातंय.”

“मग मला का नाही सांगितलं तसं?”

“माझ्यानं सांगवलं नाही. कुणालाच.”

“मग?”

“टोकाला उभं करायचो. तुझ्या मागं युफोनियमचा पितळी भोंगा. त्याच्या मागं हा.” मास्तरांनी ड्रमवर टिचकी मारली. लॅपटॉप थरथरला. “तू कितीही जीव काढलास तरी मैदानाला बँडच ऐकू जायचा.”

“आणि टाळ्या?”

“बँडला.”

“आणि तो माइक…”

“लाउडस्पीकरला नव्हता तो. टेपला होता.”

आमोस हसला. हसू म्हणजे नुसते दात दिसले.

“म्हणजे मला कुणी ऐकलंच नाही.”

“टेपनं ऐकलं.”

“टेपनं! आणि टेप उंदरांत! का पण? असला नाद का?”

“सुरातल्यांना अख्खं मैदान ऐकत होतं,” मास्तर म्हणाले. “त्यांना टेप कशाला?”

दुसरा कुणी असता तर या वाक्यावर त्यानं मान डोलावली असती, वाकून पाया धरले असते, आणि घरी जाऊन चार जणांना सांगितलं असतं. आमोसनं तसलं काही केलं नाही.

“वा,” तो म्हणाला. “फार छान. कालच पाठ केलंत का? मी त्या माइकच्या जिवावर शाळा सोडली, मास्तर.”

“मला विचारून सोडलीस?”

“विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?”

मास्तरांनी तोंड उघडलं.

…

“नाही,” ते म्हणाले.

निदान एवढं तरी खरं बोलले. म्हाताऱ्या माणसांची ही एक जुनी खोड आहे. पोराचं मन मोडवत नाही म्हणून गप्प बसायचं, आणि मग पोराचं बाकीचं सगळं मोडताना लांबून बघायचं. वर त्याला माया म्हणायचं. हेडमास्तर दुष्ट होता, पण त्याच्या हुकमानं पोरं फार तर संध्याकाळभर रडली असती. मास्तर चांगले होते. त्यांचा चांगुलपणा आमोसला पुण्यापर्यंत पुरला.

तेवढ्यात फोन वाजला. भिंगारदिवे साहेब, शंभरीच्या कमिटीचे अध्यक्ष. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांचा आवाज कायम काउंटरच्या आतून आल्यासारखा यायचा. आमोसनं फोन ड्रमवर ठेवून स्पीकर चालू केला. हातात धरायची इच्छा नव्हती.

“अरे आमोस, सकाळी फोनवर दोन्ही वाजवून दाखवलंस ते ऐकलं मी. बरंय. पहिल्यात ते कुणीतरी कोंबडं कापल्यासारखं ओरडत होतं, ते दुसऱ्यात काढलंस ना?”

“काढलं, साहेब.”

“कोण होतं रे ते?” साहेब खो खो हसले. “आणि एक. ओळ संपली की मध्येच सगळे थांबतात. बँडसुद्धा. ढिम्म. आणि मग पुन्हा चालू. खोट आहे त्यात. पाहुण्यांना वाटेल लाइट गेली. तेवढं शिवून टाक. काय?”

“बघतो.”

“बघतो नको. कर. सगळं कसं गुळगुळीत पाहिजे. बर्नबा मास्तर आहेत का अजून? त्यांना म्हणावं, खुर्ची ठेवलीय पहिल्या रांगेत.”

फोन बंद झाला. ‘आहेत का अजून’ हे मास्तरांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

आमोस लॅपटॉपपुढं बसला. ती जागा त्यानंही पाहिली होती. बोकड काढून टाकलेल्या गाण्यात, प्रत्येक ‘आली’नंतर, पडद्यावर आवाजाची रेष सपाट व्हायची. सगळेच गप्प. कसलीच खूण नाही, खोकला नाही, काही नाही. मग एकदम पुढची ओळ. त्याला वाटलं होतं, फीत चिकटली असेल.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“तू मागं राहायचास.”

“म्हणून?”

“तू पोचेपर्यंत मी हात खाली आणत नव्हतो.”

“आणि बाकीचे?”

“थांबायचे.”

“बँड पण?”

“सगळे.”

“शिव्या घालत असतील मला.”

“घालायचे की. कॉर्नेट फुंकणारा तर तोंडावर घालायचा. त्याचा श्वास मध्येच लोंबकळायचा.”

आमोसनं ते गाणं पुन्हा लावलं. बोकडाशिवाय. सकाळ आली… आणि तीसेक पोरं, एक अख्खा बँड, कुणाचीतरी वाट बघत उभे. कुणी येत नव्हतं. आलं नसतानाच ते पुढं निघत होते. प्रत्येक ओळीला तसंच.

त्यानं ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवेना.

“सांगा,” तो म्हणाला. “काय करू?”

“कशाचं?”

“याचं. मूळचं ठेवू, का हे शिवलेलं? दोन्ही ठेवायला काय जातं असलं काही सांगू नका. दोन्ही राहिलं तर मी रोज रात्री मूळचं लावून बसेन, मला माहीतय मी कसाय. कॅसेट गेली. हे पुसलं की पुसलं. सांगा तुम्ही. गुरू ना तुम्ही?”

“आवाज तुझा आहे.”

“म्हणजे?”

“तू ठरव.”

“तेव्हा ठरवायचं होतं तेव्हा तुम्ही ठरवलंत, आणि आता मी?”

मास्तरांनी चमचा उचलला.

“बोला ना! एकदा तरी सरळ म्हणा, आमोस, तू बेसूर होतास. म्हणा.”

“होतास.”

“वाईट?”

“फार.”

“मग काय म्हणून जपायचं?”

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते तसेच असायचे. त्यावरून काही समजायचं कारण नव्हतं.

आमोसला रविवार दिसला. बाप खुर्चीत बसलेला, गणवेशाची बटणं सोडलेली. गाणं लागतं. बोकड ओरडतो. बाप हसेल, एवढं काय, त्याची सवय होती. पण समजा हसला नाही. समजा नुसता ऐकत बसला, आणि शेवटी त्या पोरानं ‘मास्तर, जमलं का?’ विचारल्यावर उठून आत गेला, पाणी प्यायच्या निमित्तानं. तर?

ते त्याला सोसलं नसतं.

त्यानं पहिली फट पकडली. दोन्ही कडा जवळ आणल्या. शिवली. दुसरी शिवली. हात सराईत होते, लग्नाच्या व्हिडिओंत भटजींचे खोकले काढून काढून बसलेले. शेवटची फट गेली तेव्हा गाणं आखूड झालं होतं, आणि एकदम देखणं. मग त्यानं ते जुन्या फाइलवरच सेव्ह केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, आधीची पुसली जाईल, चालेल का?

आमोसनं मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर कपातलं बटर चमच्यानं काढत होते.

त्यानं ‘हो’ दाबलं.

…

“झालं,” तो म्हणाला. “ऐका आता. असं गात होती तुमची पोरं. अशी ऐकायला पाहिजे होती सगळ्यांनी.”

त्यानं आवाज मोठा केला. खोली भरून गेली. स्वच्छ, एका रेषेत, कुठं ओरखडा नाही. कॉर्नेट वर चढली आणि अलगद उतरली. मास्तर ताठ बसले. त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला आणि हवेत ताल देऊ लागला. म्हातारपणानं कापणारा हात, पण तालात कापरं नव्हतं. आमोसला वाटलं, आवडलं म्हाताऱ्याला. शेवटी आवडलंच.

*उघडा दारं, सकाळ आली…*

हात वर गेला आणि वरच थांबला.

गाणं थांबलं नाही. ते हाताखालून पुढं निघून गेलं. दुसरी ओळ आली, तिसरी आली. हात तसाच, बोटं किंचित वळलेली, दाराशी उभ्या असलेल्या कुणालातरी ये म्हणावं तशी. आमोस त्या हाताकडं बघत राहिला. कधी खाली येतो याची वाट बघत राहिला.

टाळ्या सुरू झाल्या. त्यानं त्या तिथंच तोडल्या होत्या.

मास्तरांनी दुसऱ्या हातानं तो हात धरून खाली घेतला, आणि मांडीवर ठेवला.

“जमलं का?” आमोसनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

मास्तरांनी सावकाश मान हलवली.

“छान गातात पोरं,” ते म्हणाले. “कुठल्या गावची शाळा ही?”